तेलाचे साठे, वाढती माणसे आणि बारा एकरांचा ट्रॅक्टर

आपला प्रश्न मी असा समजतो. केज तालुक्यात आपली बारा एकर जमीन आहे. तीन-चार एकरांत ऊस आणि उरलेल्या रानात सोयाबीन, तूर व हरभरा असतो. पंचेचाळीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आणि दहा अश्वशक्तीची छोटी डाळ गिरणी यांसाठी कर्ज काढायचे चालले असताना जगातले तेल पन्नास वर्षांत संपणार असे आपल्या वाचनात आले. त्यात जगाची लोकसंख्या वाढतेच आहे. तेव्हा डिझेलच्या यंत्रात पैसा घालावा, की सौरऊर्जा, बायोगॅस किंवा इथेनॉल यांपैकी एखादी वाट धरावी, असे आपण विचारले आहे. मी लातूर भागातील डाळ गिरण्या, जिनिंग आणि साखर कारखाने यांचे ऊर्जा लेखापरीक्षण करतो; कोणत्या यंत्रात किती इंधन जाते आणि त्यातले किती खरोखर कामाला येते, हे मोजणे हा माझा व्यवसाय आहे. उत्तर त्याच अंगाने देतो.

आपल्या प्रश्नात तीन वेगवेगळ्या मुदती एकत्र झाल्या आहेत. भूगर्भातील साठ्यांचा हिशेब दशकांचा असतो, तेलाचा भाव काही महिन्यांत उलटापालटा होतो आणि आपले कर्ज पाच ते सात वर्षांत फेडायचे असते. पहिल्या मुदतीची भीती तिसऱ्या मुदतीच्या निर्णयात आणली की हिशेब चुकतो. तरीही आपण साठ्यांविषयी विचारले आहे आणि विषय महत्त्वाचा आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

पन्नास वर्षांचा आकडा खोटा नाही, पण तो ज्या रीतीने काढतात ती समजून घेतली पाहिजे. जगातील सिद्ध साठे सुमारे १.७ लाख कोटी बॅरल आहेत आणि जग दररोज सुमारे १० कोटी बॅरल तेल वापरते. एका बॅरलमध्ये १५९ लिटर तेल असते. साठ्याला वर्षाच्या उपशाने भागले की पन्नासच्या आसपास उत्तर येते. हाच भागाकार १९८० च्या सुमारास केला असता उत्तर तीस वर्षे आले असते, म्हणजे त्या हिशेबाने २०१० नंतर तेल उरायलाच नको होते. ‘सिद्ध साठा’ म्हणजे आजच्या भावात आणि आजच्या तंत्राने काढणे परवडेल एवढे तेल. भाव चढला किंवा तंत्र सुधारले की तोच साठा कागदावर वाढतो. आपल्याकडच्या बोअरचेच उदाहरण घ्या. पाचशे फुटांखाली पाणी नसते असे नाही, पण ते उपसण्याचा खर्च पिकाच्या उत्पन्नातून निघेनासा झाला की शेतकरी बोअर सोडून देतो. तेलाची विहीरही अशीच सोडली जाते, शेवटचा थेंब निघेपर्यंत ती कोणी चालवत नाही.

एम. किंग हबर्ट या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने १९५६ साली असे भाकीत केले होते की अमेरिकेचे तेल उत्पादन १९६५ ते १९७० च्या सुमारास शिखर गाठेल आणि मग उतरू लागेल. ते १९७० साली रोज सुमारे ९६ लाख बॅरलवर जाऊन खरोखरच उतरू लागले आणि २००८ पर्यंत ५० लाखांवर आले, तेव्हा हबर्टचे नाव जगभर झाले. पुढे आडव्या दिशेने खोदाई करून शेल नावाच्या घट्ट खडकाला पाण्याच्या दाबाने भेगा पाडण्याचे तंत्र परवडू लागले आणि २०२३ साली तीच अमेरिका रोज सुमारे १२९ लाख बॅरल काढत होती. यावरून तेलाला अंत नाही असा निष्कर्ष काढणारे बरेच भेटतात, पण तोही घाईचा आहे. जुन्या तेलक्षेत्रांचे उत्पादन शिखर ओलांडल्यावर दरसाल पाच-सहा टक्क्यांनी घटते, आणि शेलच्या विहिरीचे तर पहिल्याच वर्षात निम्म्याहून जास्त घटते. उत्पादन आहे तेवढेच टिकवायचे म्हटले तरी सतत नव्या विहिरी खोदाव्या लागतात. सौदी अरेबियातील घावार हे जगातील सर्वांत मोठे तेलक्षेत्र १९४८ साली सापडले. तेवढे मोठे दुसरे त्यानंतर सापडलेले नाही. माझ्या मते येत्या वीस-तीस वर्षांत तेल मिळेल, पण ते काढायला अधिक खर्च लागेल आणि त्याचा भाव अधिक अस्थिर राहील.

आपल्यासारख्यांची अडचण त्या अस्थिरतेत आहे. भारत आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो. १९७४ साली सापडलेले मुंबई हाय हे आपले सर्वांत मोठे क्षेत्र आता जुने झाले आहे. २०२४ सालच्या आकड्यांनुसार जगात वापरल्या जाणाऱ्या तेलाचा सुमारे पाचवा हिस्सा एकट्या होर्मुझच्या सामुद्रधुनीतून जात होता, त्यामुळे त्या पट्ट्यात काही बिनसले की त्याची झळ केजच्या पेट्रोल पंपापर्यंत पोहोचते. उलट भाव पडल्याचा फायदा मात्र आपल्यापर्यंत पोहोचेलच असे नसते. २० एप्रिल २०२० रोजी अमेरिकेतील कच्च्या तेलाचा वायदा शून्याच्याही खाली, उणे ३७ डॉलरवर गेला होता. पुढच्याच महिन्यात केंद्र सरकारने डिझेलवरील शुल्क लिटरमागे १३ रुपयांनी वाढवले. म्हणून डिझेलचा हिशेब करताना जागतिक भाव, डॉलरचा दर आणि कर या तिन्ही गोष्टी धराव्या लागतात, आणि त्यांतली एकही आपल्या हातात नसते.

आता लोकसंख्येविषयी. माणसे वाढली म्हणून तेलाची मागणी त्याच प्रमाणात वाढते, हे गृहीतक आकड्यांपुढे टिकत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अंदाजानुसार जगाची लोकसंख्या या शतकाच्या आठव्या-नवव्या दशकात सुमारे १,०३० कोटींवर जाऊन थांबेल आणि मग हळूहळू घटू लागेल. चीनची लोकसंख्या २०२२ पासूनच घटू लागली आहे. भारताने २०२३ साली चीनला मागे टाकले खरे, पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशाचा एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीला आयुष्यात होणाऱ्या मुलांची सरासरी, २.० आणि महाराष्ट्राचा १.७ निघाला. लोकसंख्या स्थिर राहण्यासाठी तो २.१ लागतो. याचा अर्थ असा की महाराष्ट्राची पुढची पिढी आजच्यापेक्षा लहान असेल. सध्या जी वाढ दिसते ती तरुणांची संख्या मोठी असल्यामुळे आणि आयुर्मान वाढल्यामुळे आहे.

त्याहून मोठा फरक दरडोई वापराचा आहे. साधा भागाकार केला तर अमेरिकेत माणशी वर्षाला सुमारे २२ बॅरल तेल लागते, जगाची सरासरी साडेचार बॅरल पडते आणि भारताची जेमतेम दीड बॅरल, म्हणजे सव्वादोनशे लिटरच्या आसपास. भारतीयांचा वापर जगाच्या सरासरीला पोहोचला तर लोकसंख्येत एकाचीही भर न पडता देशाची मागणी तिप्पट होईल. जपानमध्ये उलटे घडले. तिथे तेलाचा वापर लोकसंख्या घटायच्या आधीच, १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून, उतरू लागला होता.

मराठवाड्यात मला यातली आणखी एक बाजू दिसते, जिच्याकडे आकडेवारी मांडणारे फारसे पाहत नाहीत. गावात माणसे वाढत नसतानाही कुटुंबे वाढतात. तीन भाऊ वेगळे झाले की तीन चुली, तीन मोटारसायकली, तीन बोअर आणि वाटून लहान झालेल्या तीन शेतांवर तीन वेळा वळणारा ट्रॅक्टर, असा खर्च सुरू होतो. त्यातच कामाची तरुण माणसे पुण्याला जातात, काही ऊसतोडीला सहा-सहा महिने बाहेर असतात आणि मागे राहिलेल्या वडीलधाऱ्यांकडून औत हाकणे होत नाही. देवणी किंवा लाल कंधारीची बैलजोडी वर्षभर सांभाळण्यापेक्षा तासावर ट्रॅक्टर बोलावणे परवडते, म्हणून बैल गेले. खुरपणीची जागा तणनाशकाने घेतली, मळणीयंत्र आले आणि आता ऊसतोडीचे यंत्रही आले आहे. हात कमी झाले की इंधन वाढते. म्हणून जननदर उतरला तरी आपल्या भागातील डिझेलची मागणी इतक्यात उतरेल असे मला वाटत नाही, आणि ट्रॅक्टर भाड्याने देण्याच्या धंद्याचा विचार करणाऱ्याला ही बाब महत्त्वाची आहे.

पर्यायांकडे वळतो. इथे माझी पद्धत साधी आहे. काम एका जागी उभे राहून होते की यंत्राला चालावे लागते, आणि ते काम उन्हाच्या वेळेपर्यंत थांबू शकते की नाही, हे दोन प्रश्न मी आधी विचारतो.

डाळ गिरणी एका जागी असते आणि तिचे काम दिवसा करता येते. तुरीची आवक जानेवारीपासून वाढते आणि डाळ भरडण्याचा मुख्य हंगाम उन्हाळ्यापर्यंत चालतो, म्हणजे आपल्याकडचे उत्तम ऊन आणि आपले काम एकाच वेळी येते. दहा अश्वशक्ती म्हणजे साडेसात किलोवॉट. आठ तासांत साधारण पन्नास युनिट वीज लागेल असे धरा. हे काम जनरेटरवर केले तर चांगल्या भारावर एका लिटर डिझेलमध्ये तीनएक युनिट निघतात. डिझेल नव्वद रुपये लिटर धरले तर एका युनिटला तीस रुपये पडतात. जनरेटर मोठा आणि भार थोडा असेल तर लिटरला दोन युनिटसुद्धा निघत नाहीत. गिरण्यांमध्ये मला हीच गोष्ट वारंवार आढळते: पुढे यंत्रे वाढवू या आशेने दुप्पट क्षमतेचा जनरेटर घेतलेला असतो, त्यावर एक चाळणी आणि एक रोल एवढेच चालू असते आणि मालक तेल महागल्याची तक्रार करत असतो. महावितरणच्या जोडणीवरील वीज याच्या निम्म्याहूनही स्वस्त पडते, आणि छतावरची सौर वीज, पॅनेलची किंमत पुढच्या वीस वर्षांवर विभागली तर, त्याहून स्वस्त पडते.

मात्र सौर संच घेताना काही गोष्टी विक्रेता आपणहून सांगत नाही. मीटरला जोडलेला साधा ऑन-ग्रिड संच लाइन गेली की सुरक्षिततेसाठी आपोआप बंद होतो, मग बाहेर कितीही कडक ऊन असो. लोडशेडिंगमध्ये गिरणी चालवायची या हेतूने असा संच घेतला तर निराशा ठरलेली आहे. त्यासाठी बॅटरीचा हायब्रिड संच किंवा जनरेटरशी जुळवून घेणारी यंत्रणा लागते आणि खर्च वाढतो. दुसरे म्हणजे थेट चालू केलेली मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. इन्व्हर्टर बारा किलोवॉटचा असला तरी बॅटरीवर ती उचलली जात नाही. मोटरला हळूहळू वेग घ्यायला लावणारा व्हीएफडी बसवला तर हा प्रश्न सुटतो; सॉफ्ट स्टार्टरने तो फक्त कमी होतो. तिसरी गोष्ट उष्णतेची. पॅनेलची क्षमता पंचवीस अंशांवर मोजलेली असते आणि त्यापुढे प्रत्येक अंशाला साधारण ०.३५ ते ०.४ टक्के घट होते. मे महिन्यात हवा बेचाळीस अंशांवर असताना पत्र्याच्या छपराला चिकटून बसवलेले पॅनेल पासष्ट अंशांच्या पुढे जाते, म्हणजे चौदा-पंधरा टक्के वीज तिथेच कमी होते. पत्रा आणि पॅनेल यांच्यात वारा खेळायला हातभर जागा ठेवावी. भरडताना उडणारा भुसा काचेवर बसतो, तोही आठवड्याला पुसावा लागतो. वर्षाची सरासरी धरली तर आपल्या भागात एका किलोवॉटला दिवसाला चार युनिट मिळतात, म्हणून बारा किलोवॉटचा संच आपल्या गिरणीला पुरतो. आषाढ-श्रावणातील ढगाळ दिवसांत मात्र निम्म्यावर समाधान मानावे लागते.

पाण्याच्या पंपाविषयी फार लिहीत नाही. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांचे वीजबिल राज्य सरकारने एप्रिल २०२४ पासून माफ केले आहे आणि ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत शेतकऱ्याला किमतीचा दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याला पाच टक्के हिस्सा भरावा लागतो. विहीर असेल तर अर्ज करावा. बोअर फार खोल असेल तर त्या खोलीवर पंप तासाला किती पाणी देईल, हे आधी लेखी घ्यावे.

इथेनॉलचा आपल्या डिझेलशी थेट संबंध नाही, ही गोष्ट बोलताना विसरली जाते. इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळतात. २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले, पण त्याने आपल्या ट्रॅक्टरच्या टाकीत काहीच बदलत नाही. ऊस उत्पादक म्हणून आपल्याला कारखान्याकडून वेळेवर पैसे मिळण्यास त्याचा उपयोग होऊ शकतो, तेवढाच. ऊर्जेचा पर्याय म्हणून मराठवाड्याने त्यावर भिस्त ठेवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. एकरी चाळीस टन ऊस आणि टनाला सत्तर लिटर धरले तर रसापासून एकरी २,८०० लिटर इथेनॉल मिळते, आणि इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांशच ऊर्जा असते. त्या एकराला वर्षभरात दोन हजार मिलिमीटर पाणी लागले तर ते ऐंशी लाख लिटर होते. एका लिटर इथेनॉलमागे जवळपास तीन हजार लिटर. मळीपासून इथेनॉल केले तर या पाण्याचा मोठा वाटा साखरेच्या खाती जातो आणि ठिबकवर पाणी बरेच वाचते, हे मान्य. पण आपल्या विभागाचा सरासरी पाऊस सातशे मिलिमीटरच्या आतबाहेर आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले आणि त्याच्या आदल्या वर्षी परळीचे औष्णिक वीज केंद्र पाण्याअभावी बंद पडले. कोळसा आहे आणि पाणी नाही म्हणून वीज नाही, हे आपण पाहिलेले आहे. त्यामुळे आपल्याकडे ऊर्जेचा कोणताही पर्याय तोलताना मी आधी त्याला पाणी किती लागते ते विचारतो. सौर आणि पवन यांना ते जवळजवळ लागत नाही.

बायोगॅसलाही पाणी लागते. दोन घनमीटरच्या घरगुती संयंत्राला रोज पन्नास किलो शेण आणि साधारण तेवढेच पाणी द्यावे लागते. चार-पाच जनावरे दावणीला असतील तर महिन्याला जवळपास दोन सिलिंडरची बचत होते आणि स्लरीचे खत मिळते. जनावरे दोनच असतील तर खर्च करू नये.

राहिला ट्रॅक्टर. बॅटरीवरचा ट्रॅक्टर घ्यावा का, याचे उत्तर गणितातून मिळते. पंचेचाळीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर नांगरटीला तासाला सुमारे पाच लिटर डिझेल घेतो. आठ तासांचे चाळीस लिटर झाले. लिटरमध्ये दहा युनिट उष्णता असते आणि इंजिन त्यातली तिसऱ्या हिश्श्याहून थोडी कमीच कामाला लावते, म्हणजे दिवसभराचे काम सव्वाशे युनिटच्या आत येते. एवढी वीज साठवणारी बॅटरी आठशे किलोच्या आसपास भरेल. तेवढे ओझे काळ्या रानात दाबणे वेगळेच, पण खरी अडचण वाफशाची, म्हणजे पावसानंतर रान पेरणीजोगे असण्याच्या थोड्या दिवसांची, आहे. मृगाचा पाऊस होऊन वाफसा आला की पेरणीला चार-सहा दिवस मिळतात, त्या दिवसांत ट्रॅक्टर सोळा-सोळा तास चालतो आणि नेमकी तेव्हाच वादळाने लाइन पडलेली असते. डिझेलचा कॅन बांधावर नेता येतो. फळबागेतील फवारणी, छोटी वाहतूक अशा कामांना लहान विजेचे ट्रॅक्टर योग्य आहेत, पण जड मशागतीला पुढील काही वर्षे तरी डिझेलच राहील.

तेव्हा डिझेलच्या भावाची भीती बाळगून ट्रॅक्टर टाळावा का? सात लाखांचा ट्रॅक्टर धरला तर हप्ता, व्याज आणि विमा मिळून वर्षाला दीड लाखाच्या आसपास जातील. ट्रॅक्टर वर्षाला तीनशे तास चालला तर हा बोजा तासाला पाचशे रुपये पडतो, आणि डिझेल साडेचारशे. सहाशे तास चालला तर बोजा अडीचशेवर येतो. डिझेल लिटरला वीस रुपयांनी महागले, तर तासाला शंभर रुपये वाढतात, आणि भाड्याचे काम करणारे सगळेच दर वाढवत असल्याने त्यातले बरेचसे वसूलही होतात. उभ्या ट्रॅक्टरचा हप्ता मात्र कोणाकडून वसूल होत नाही. आपल्या बारा एकरांची नांगरट, मोगडा, रोटाव्हेटर, पेरणी आणि ने-आण मिळून शंभर तासांच्या पुढे काम होणार नाही. त्यावर तासाला दीड हजाराचा बोजा पडेल. शिवारात किती ट्रॅक्टर आधीच आहेत, मळणी आणि ऊस वाहतुकीची कामे बांधून मिळतील का, चालक घरचा आहे का, यावर उत्तर अवलंबून आहे आणि ते मला इथे बसून सांगता येणार नाही. पाचशे तासांचे काम समोर दिसत असेल तर ट्रॅक्टर घ्यावा, डिझेलचाच घ्यावा आणि कर्ज सहा वर्षांच्या पुढे नेऊ नये. दिसत नसेल तर नांगरट भाड्याने करून घ्यावी आणि कर्जाची पत आधी गिरणी व तिच्या सौर संचासाठी वापरावी. गिरणीची जोडणी मागताना पुढच्या वाढीसाठी म्हणून मंजूर भार जास्त घेऊ नये. स्थिर आकार त्या भारावर लागतो आणि तो गिरणी बंद असली तरी भरावा लागतो.